घरफोड्या खरंच वाढल्यात का, आणि पैसे आधी कशावर घालायचे?

टेकडीपायथा
पुण्याच्या पश्चिमेला आमच्या 14 सोसायट्या, साधारण 1,800 घरं. घरफोड्या 2024 मध्ये 4 आणि 2025 मध्ये 7 झाल्या. ग्रुपवर 'जवळपास दुप्पट!' म्हणून गदारोळ चाललाय आणि सगळ्यांनी मिळून 6 लाखांचे कॅमेरे घ्यायचं जवळपास ठरलंय. वाढ खरी आहे का हे कसं तपासायचं? आकडे कुठून मिळतील?

नकाशेवाला
4 चे 7 झाले यावरून काहीच ठरत नाही. ढोबळ हिशेब सांगतो. दोन्ही आकड्यांची बेरीज 11, तिचं वर्गमूळ साधारण 3.3. फरक याच्या दुपटीहून, म्हणजे साडेसहाहून जास्त असला तरच वाढ मानायची. तुमचा फरक आहे 3. तीन-चार वर्षांचे गुन्हे एकत्र घ्या आणि दर महिन्याला मागच्या 12 महिन्यांची बेरीज मांडा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांचे चढउतार त्यात जिरून जातात.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानुसार एफआयआर साधारण 24 तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो. लैंगिक आणि इतर संवेदनशील गुन्हे वगळून. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर पोलीस ठाणं आणि तारखा घालून शोधा. प्रत्येक एफआयआरमधून ठिकाण, आत कसे शिरले, घर बंद केल्याची वेळ आणि चोरी उघडकीस आल्याची वेळ उतरवून घ्या.

शेवटच्या दोन वेळांत लोक हमखास चुकतात. शुक्रवारी रात्री 9 ला कुलूप लावून गेले, सोमवारी सकाळी 9 ला कडीकोयंडा उचकटलेला दिसला. सगळे सोमवार धरतात आणि मग सोमवारची गस्त वाढवतात. मधले 60 तास आहेत, तर प्रत्येक तासाला एक साठांश गुन्हा वाटून द्या. वीस-पंचवीस नोंदी अशा वाटल्या की कुठले तास खरोखर भरलेत ते दिसतं.

कलम_शोधक
2024 शी तुलना करताना फार जपा. 1 जुलै 2024 ला कायदाच बदलला. घरफोडी आधी भादंविच्या (भारतीय दंड विधान, जुना कायदा) 454, 457, 380 खाली शोधायची, आता भारतीय न्याय संहितेच्या (नवा कायदा) 331 आणि 305 खाली. साखळी हिसकावणं पूर्वी 379, 356, 392 असं विखुरलेलं असे. आता हिसकावून चोरीला 304 हे स्वतंत्र कलम आहे.

त्याहून मोठा खड्डा पुढे आहे. 5,000 रुपयांच्या आतली साधी चोरी (घरात शिरून केलेली नव्हे) आता अदखलपात्र झाली, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. तिची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते, ती एफआयआरच्या यादीत येत नाही. जुनी सायकल, नळाच्या तोट्या, पार्किंगमधली बॅटरी हे सगळं यादीतून गायब होतं आणि चोऱ्या घटल्यासारखं वाटतं. मोबाईलचंही तेच, बऱ्याचदा चोरीऐवजी 'गहाळ' अशी नोंद होते. उलट जुगार आणि दारूबंदीच्या केसेस छापे पडले की वाढतात, त्यांचा अर्थ गुन्हे वाढले असा लावू नका.

एनसीसाठी माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपये शुल्क, 150 शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय, उत्तराला 30 दिवस. फक्त महिनावार संख्या मागा. नावं-पत्ते मागितले की अर्ज अडकतो.

तारवाला
कॅमेऱ्यांबद्दल. अनोळखी चेहरा ओळखायला चित्रात दर मीटरला 250 पिक्सेल लागतात. 1920 पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्याने साडेसात मीटर रुंदीच झाकली जाते, त्याहून रुंद चित्र घेतलं तर अनोळखी चेहरा खात्रीने ओळखता येत नाही. म्हणजे गेट नीट दिसेल, अख्खा रस्ता नाही. आहेत त्या डीव्हीआरची (कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणारं यंत्र) घड्याळं आधी तपासा. घड्याळ 20 मिनिटं पुढे-मागे असेल तर दोन सोसायट्यांचं चित्रीकरण जुळवताना तपास भरकटतो.

कट्टा_क्र_३
प्राधान्य फक्त संख्येवर ठरवू नका. किती वेळा घडतं, घडलं तर माणसाचं किती नुकसान होतं आणि आपल्या हातात काय आहे, असे तीन रकाने करा. 'डिजिटल अटके'च्या (पोलीस असल्याचं भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळण्याच्या) एका फोनमध्ये निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी जाते. तिथे खर्च जवळपास शून्य: प्रत्येक लिफ्टमध्ये 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आणि 'कॉल कट करा, आधी घरच्यांना विचारा' एवढा कागद. बायकांना होणारा त्रास एफआयआरमध्ये फारसा येतच नाही. त्यासाठी बायकांसोबत रात्री 8 नंतर बसस्टॉपपासून गेटपर्यंत चालत जा आणि बंद दिव्यांचे खांब क्रमांकासह लिहून महापालिकेत द्या.

घरफोडी झाली की शेजारच्या घरांना पुढचे काही आठवडे धोका जास्त असतो. त्याच दिवशी आजूबाजूच्या इमारतींत दारोदार सांगा, बंद फ्लॅटच्या जिन्यातले दिवे चालू ठेवा.

आणि ग्रुपवर 'संशयित' म्हणून कुणाचेही फोटो टाकणं आजच थांबवा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. शंका आली तर 112.

टेकडीपायथा
कॅमेऱ्यांचा ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवायला सांगतो. 2022 पासूनची यादी काढायला घेतो. एनसीच्या अर्जाचा मसुदा इथेच टाकेन, 150 शब्दांत बसतोय का ते कृपया बघा.