शब्दचर्चा : किटाच्या ‘कन्व्हर्जन’ला मराठीत काय म्हणावं?

बहात्तरकर, जळगाव
गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात छंदांचं प्रदर्शन होतं. नाणी, काडेपेट्या, वारली चित्रं, आणि एका टेबलावर माझं मॉस्किटो एनएफ ३० विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश नाईट फायटर (एनएफ म्हणजे तेच), माप १:७२. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेसोळा मीटर, माझ्या मॉडेलचे तेवीस सेंटिमीटरला किंचित कमी. पाटी मराठीतच हवी असं सांगितलं होतं, म्हणून मी लिहिलं : ‘रात्रकालीन लढाऊ विमान, रूपांतरित प्रतिकृती’.

सातवी-आठवीतला एक मुलगा आला, पाटी वाचली आणि म्हणाला, “काका, याचं रूपांतर होऊन काय होतं? रोबोट?” शेजारी त्याची आई. ती म्हणाली, “अरे लिहिलंय ना, रात्रकालीन. रात्री होत असेल.”

मी पाटी पालथी घालून ठेवली.

तर मुद्दा असा (मॉडेलचा फोटो सोबत जोडलाय). या नमुन्याचं किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, मला मिळालं नाही. माझ्याकडे होतं एनएफ १३ चं किट आणि पीआर १६ चं, म्हणजे हवाई फोटो काढणाऱ्या मॉस्किटोचं. एनएफ ३० ला दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरची (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) मर्लिन इंजिनं. ती लांब, म्हणून इंजिनाचं घरही नाकाकडे लांबलेलं. मी १३ चं धड आणि पंख ठेवले, १६ ची इंजिनं कापून १३ च्या पंखांना लावली. या उद्योगाला जगभर कन्व्हर्जन म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? आणि ‘नाईट फायटर’लाही बरा शब्द सुचवा. ‘रात्रकालीन’ म्हटलं की मला रात्रशाळा आठवते.

शेडवाले काका, भुसावळ
रूपांतर हा कागदावरचा शब्द आहे. पाचोरा-जामनेरची आपली छोटी गाडी घ्या. कागदावर ‘गेज रूपांतर’. गावात कोणी असं म्हणतं का? “पीजे मोठी करणार” म्हणतात, विषय संपला. मराठी माणूस नाम शोधत बसत नाही, क्रियापद लावून मोकळा होतो. लुगड्याची गोधडी केली. पँटची हाफपँट केली. तसं तुम्ही तेराचं तीस केलं. पाटीवर तेच लिहा : ‘एनएफ १३ चं एनएफ ३० केलेलं’.

बहात्तरकर
काका, बोलताना हे शंभर टक्के बरोबर. ‘अमक्याचं तमकं करणे’ यात आधी काय होतं आणि नंतर काय झालं, दोन्ही येतं, आणि करणाऱ्याचे हातही दिसतात. पण मला टेबलावर एक शब्द हवाय. माझ्याकडे चार मॉडेलं जशी खोक्यातून आली तशी लावलेली आहेत आणि दोन अशी उद्योग केलेली. वेगळी ओळखायची कशी?

मेहरूणबोर
भो, जळगावात राहून हे विचारतो? कलम!

गावठी बोरीचा खुंट घ्यायचा, त्यावर मेहरूणच्या बोराचा डोळा भरायचा. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं. तुझा एनएफ १३ हा खुंट, पीआर १६ ची इंजिनं म्हणजे डोळा. म्हणून हे कलमी मॉडेल. आणि खोक्यातून आलं तसं लावलेलं ते गावठी.

शेडवाले काका
गावठी म्हणू नका, बिचाऱ्याचा अपमान होतो. एका किटात नीट बसवलेलं साधं विमान जमायलाही हात लागतो.

बहात्तरकर
कलम! तीन आठवडे डोकं खाजवत होतो, हे कसं सुचलं नाही?

फक्त एक फरक ठेवावा लागेल. मॉस्किटोच्या बॉम्बरचं फायटर करायचं असेल तर दुसरं किट लागतंच असं नाही. बॉम्बरला काचेचं नाक आणि पुढची काच मधोमध कोन केलेली. फायटरचं नाक बंद आणि पुढची काच सपाट. बॉम्बरमध्ये माणसं पोटाखालच्या झडपेतून चढायची, फायटरला उजव्या कुशीत दार. हे सगळं प्लास्टिकची पट्टी, लांबी आणि कानस यांवर करता येतं. त्याला कलम म्हणता येणार नाही, बाहेरचा डोळा आलाच नाही ना. त्याला ‘बेतलेलं’ म्हणू का? शिंपी बेततो तसं. म्हणजे दोन किटांचं एक ते कलमी, एकातच कापून-भरून केलेलं ते बेतलेलं.

लांबी म्हणजे गॅरेजवाले डेंट भरतात ती. नवीन लोक ‘पुटी’ म्हणतात. गाडीचं बॉनेट असो की विमानाचा सांधा, काम एकच : भरा, सुकू द्या, घासा.

केळीबाग, रावेर
कलमावरून आठवलं. पुतण्याही हे किट लावतो. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, त्याला तो स्प्रू म्हणतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “हा तर घड आहे रे.” आता आमच्या घरात तेच चालतं. अख्खी चौकट म्हणजे घड, मधली जाड काडी म्हणजे दांडा, एका ओळीत लागलेले छोटे भाग म्हणजे फणी. आणि भाग जिथे काडीला चिकटलेला असतो तो देठ.

बहात्तरकर
दादा, देठ तर मी आजपासूनच वापरणार. इंग्रजीत त्या जागेला ‘गेट’ म्हणतात, आणि नवख्याला ते कधीच कळत नाही. देठ म्हटलं की हात आपोआप बरोबर चालतो : देठाशी मोडायचं नाही, लांबून कापायचं, मग उरलेलं घासायचं. मोडलं की केळ्याची साल फाटते तसा भागाचा कपचा निघतो. साच्याच्या फटीतून प्लास्टिकचा जो पातळ पदर बाहेर येतो त्याला मी आधीपासून पापुद्रा म्हणतो.

रानवाट, यावल
नाईट फायटरसाठी ‘निशाचर’ कोणीतरी सुचवणारच, त्याआधी आडवा येतो. निशाचर म्हटलं की राक्षस नाहीतर चोर. शिवाय त्यात नुसतं हिंडणं आहे, शिकार नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला एक पक्षी आहे, रातवा. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बसतो, अंगावर वाळक्या पानांची नक्षी, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. अंधार पडला की उठतो आणि उडता उडता हवेतच किडे पकडतो. अंधारात उडत्याला उडता पकडणारा. याहून नेमका शब्द कुठे मिळेल? आणि मॉस्किटो म्हणजे डास. डासाचाच रातवा झाला ही मजा वेगळी.

अनुस्वार
रातवा गोड आहे, पण पाटी वाचणाऱ्याला पक्षी वाटेल. ‘रात्रलढाऊ’ काय वाईट?

रानवाट
ताई, वाईट नाही. नुसतं कोरडं आहे.

बहात्तरकर
जर्मनांनी पक्ष्यांचाच आधार घेतला होता. हाइंकेल २१९ या नाईट फायटरला ‘ऊहू’ म्हणत, म्हणजे आपलं शृंगी घुबड. त्याच्या नाकावर रडारच्या अँटेना बाहेर आलेल्या. आधीच्या लिख्टेनश्टाइन रडारला बारीक काड्यांची दाटी असायची, तिला ते ‘गादी’ म्हणत. पुढच्या एसएन-२ ला मोजक्या पण मोठ्या दांड्या, त्यांना ‘हरणाची शिंगं’. मी घरात सांबरशिंगं म्हणतो, कारण नुसतं ‘शिंगं’ म्हटलं की आईला बैल दिसतो. १:७२ ला ही शिंगं प्लास्टिकची ठेवली तर खांबासारखी जाड दिसतात. मी इंजेक्शनच्या सुईत गिटारची तार घालून करतो.

याच जर्मनांनी पाठीतून वर तिरप्या रोखलेल्या तोफा बसवल्या. बॉम्बरच्या पोटाखाली जायचं आणि खालून मारायचं. नाव ठेवलं ‘श्रेगं मुझीक’. शब्दशः तिरपं संगीत, पण बोलीत जॅझसारख्या वाकड्यातिकड्या संगीताला म्हणत. मी ‘तिरपी तोफ’ लिहितो. त्यातली थट्टा निघून जाते, मान्य.

शेडवाले काका
मॉस्किटोच्या नाकाचं काय? फोटोत ते फुगीर दिसतंय.

बहात्तरकर
काका, त्यात रडारची तबकडी फिरते. सुरुवातीच्या एनएफ २ ला नाकावर बाणाच्या टोकासारखी अँटेना होती आणि नाकात चार मशीनगन. नंतरचं रडार आत आलं, मशीनगन गेल्या, पोटातल्या चार २० मिलिमीटर तोफा तेवढ्या राहिल्या. नाकाचे प्रकार दोन : एक निमुळतं, त्याला इंग्रज ‘थिंबल’ म्हणत, आणि दुसरं जाड, ते ‘बुल नोज’. पहिल्याला मराठी शब्द तयार आहे, अंगुस्तान. शिवताना बोटात घालतात ते. दुसऱ्याला बैलनाक?

शेडवाले काका
मुसकं म्हणा. कोळपणीत बैलाने पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ना, अगदी तसंच दिसतंय.

कान्हदेशी मावशी, शिरपूर
मना आंडोर (मुलगा) पण रातभर जागीसन हेच करस. मला त्यातलं काही कळत नाही, पण रंगाबद्दल विचारायचंय. रात्रीचं विमान म्हणजे काळंच ना? मग याला राखाडी-हिरवा का दिलाय? आमच्या अहिराणीत काळ्याला काया म्हणतात, आणि हे काही काया नाही.

बहात्तरकर
मावशी, माझ्या मनातलं विचारलंत. यावर जरा सविस्तर लिहितो.

युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी रात्रीची विमानं काळी केली. त्यांच्या सरकारी रंगाचं नावच ‘नाईट’ होतं, म्हणजे रात्र. आणि तो शुद्ध काळा नव्हता, काजळीत थोडा निळा मिसळलेला. आपण ‘रात्रीसारखा काळा’ म्हणतो, त्यांनी डब्यावर नुसतं ‘रात्र’ लिहिलं. मग त्याहून मंद, खरखरीत असा एक खास काळा आला, प्रकाश गिळणारा, काजळी फासल्यासारखा. त्या खरखरीने हवा अडायची आणि विमानाचा वेग कमी व्हायचा. शिवाय रात्रीचं आकाश खरं तर काळं नसतंच. चांदण्यात नाहीतर ढगांसमोर काळी आकृती उलट उठून दिसते. म्हणून पुढे नाईट फायटर राखाडी झाली, वर हिरव्याचे पट्टे. माझं एनएफ ३० त्यातलं.

अमेरिकेचं पी-६१ ब्लॅक विडो पहिल्यापासून नाईट फायटर म्हणूनच आखलेलं. त्याला मात्र चकचकीत काळा दिला, कारण चाचण्यांत दिसलं की सर्चलाइटच्या झोतात मंद काळ्यापेक्षा चकचकीत काळा कमी दिसतो. मंद रंग उजेड सगळीकडे पसरवतो, चकचकीत रंग तो एकाच बाजूला परतवतो.

आणि इथे मराठी इंग्रजीच्या पुढे जाते. त्यांना ‘मॅट’ आणि ‘ग्लॉस’ अशी शेपटं जोडावी लागतात. आपल्याकडे काळाकुट्ट आहे, उजेड आत जाऊन बाहेर न येणारा. काळाकुळकुळीत आहे, तेल लावल्यासारखा. आणि काळाभोर, तो डोळ्यांचा, केसांचा, पावसानंतरच्या आपल्या कपाशीच्या रानाचा. ब्रिटिशांचा खरखरीत रंग काळाकुट्ट, ब्लॅक विडो काळीकुळकुळीत. काळंभोर विमान मी अजून पाहिलं नाही.

अनुस्वार
काळाभोरमध्ये कौतुक आहे, म्हणून. शत्रूच्या विमानाला कोणी काळंभोर म्हणणार नाही.

मेहरूणबोर
आपल्या इकडच्या उन्हात हा रंग मारतो कसा रे भो? माझी भिंत वाळेपर्यंत ब्रश वाळतो.

बहात्तरकर
मे महिन्यात दुपारी एअरब्रश धरला तर रंग हवेतच वाळतो आणि मॉडेलवर रव्यासारखा बसतो. ‘रवाळ’ हा शब्द आजी तुपासाठी वापरायची, मी रंगासाठी वापरतो. तिचा रवाळ म्हणजे चांगला, माझा म्हणजे सगळं घासून पुन्हा. म्हणून रंगकाम रात्री दहानंतर, कूलर बंद करून. एकदा पंखांची जोडी सुकायला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि जेवायला गेलो. परत आलो तर एका पंखाची कमान झालेली.

खरी मॉस्किटोही उन्हाच्या तडाख्यातून वाचली नाहीत. त्यांचं शरीर लाकडाचं, मध्ये बाल्सा आणि दोन्ही बाजूंनी बर्चचे पातळ पापुद्रे. भारतात आलेल्या विमानांचे चिकटवलेले सांधे सुटल्याचे प्रकार झाले आणि १९४४ च्या अखेरीस त्यांची उड्डाणं काही काळ थांबवावी लागली.

शेडवाले काका
म्हणजे नाईट फायटर आपल्या देशातही होती?

बहात्तरकर
होती. कलकत्त्यावर जपानी बॉम्बर रात्री यायचे. जानेवारी १९४३ मध्ये डमडमला १७६ स्क्वाड्रन आली, रडारवाली ब्यूफायटर घेऊन. आल्या आल्या, १५ जानेवारीच्या रात्री, सार्जंट प्रिंगने एकट्याच्या विमानाने तीन बॉम्बर पाडले. पुढचं माझं मॉडेल तेच. त्याच्यासाठी कलम नको, किट सरळ मिळतं.

अनुस्वार
मग पाटीचं काय ठरलं?

बहात्तरकर
अशी लिहिली आहे :

‘मॉस्किटो एनएफ ३०. ब्रिटिश रातवा, म्हणजे रात्री लढणारं विमान. माप १:७२. कलमी : धड-पंख एनएफ १३, इंजिनं पीआर १६.’

दोन्ही बाजूंचे फोटो जोडतो.

अनुस्वार
‘रातवा, म्हणजे’ असं समजावून सांगावं लागतंय, याची नोंद करून ठेवते. ‘कलमी’ला माझं मत.

रानवाट
दोन वर्षांनी ‘म्हणजे’ काढून टाकू.

केळीबाग, रावेर
दुसऱ्या फोटोत डाव्या पंखाच्या टोकाला देठ राहिलाय, दादा.

बहात्तरकर
दिसला. कानस घेतो.