पुरलेली दुधाची पिशवी २५ वर्षांनी जशीच्या तशी कशी काय?

परसबाग_वाला:
गावी घरामागे गडग्याचा पाया खणत होतो तर जुना उकिरडा लागला. शेण, पालापाचोळा सगळ्याची मस्त काळीभोर माती झालीये, पण मधेच दुधाची पिशवी निघाली आणि धुतल्यावर तिच्यावरचा भाव पण वाचता आला, अर्धा लिटर सात रुपये!! म्हणजे २५ वर्षं तरी झालीच असतील. शाळेत तर वाचलं होतं की प्लास्टिक ४५० वर्षांत कुजतं, मग एवढ्या वर्षांत निदान भोकं तरी पडायला हवी होती ना?

सुटा_रेणू:
४५० वगैरे सगळे अंदाज आहेत हो, प्लास्टिक घराघरात आलं तेच १९५० नंतर, मग कुजेपर्यंत बघायला कोण बसलंय. पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, जिवाणूंना त्या तोडायला कुठे पकडच मिळत नाही. आधी ऊन आणि हवा लागून साखळी तुटावी लागते. गच्चीवरची निळी ताडपत्री दोन-चार उन्हाळ्यांत हात लावला की भुगा होऊन येते बघा, ते हेच. पण तो भुगा म्हणजे कुजणं नाही, प्लास्टिक तेच, फक्त बारीक. तुम्ही तर पिशवी अंधारात, हवा नसलेल्या जागी ठेवलीत, म्हणजे लोणचंच घातलंत की तिचं 😄

डोंबिवली_फास्ट_लेडीज_डबा:
मग मुंबईच्या देवनार कचराभूमीत काय होत असेल? १९२७ पासून कचरा पडतोय तिथे.

सुटा_रेणू:
तिथे दोन्ही होतं. वरच्या थरातलं ऊन खाऊन तुकडे तुकडे होतं, पावसात वाहत खाडीकडे जातं, आत दबलेलं तसंच राहतं. ओला कचरा मात्र आत हवेशिवाय कुजतो आणि मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो, वर प्लास्टिक आहेच जळायला. जानेवारी २०१६ची आग आठवते ना, धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता. आणि प्लास्टिक मऊ करायला, रंगवायला जी रसायनं घालतात ती हळूहळू सुटून कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यात उतरतात, मला तरी पिशवीपेक्षा त्या पाण्याची जास्त भीती वाटते.

जुना_पेपर:
फक्त प्लास्टिकला कशाला नावं ठेवता, अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजी नावाच्या पुरातत्त्ववाल्याने १९७३ पासून लोकांचा कचरा अभ्यासायला घेतला, पुढे कचराभूमी पण खणल्या, तर कित्येक वर्षांपूर्वीचे पेपर आरामात वाचता येत होते. दाबून माती टाकली, पाणी हवा बंद केली की कागदसुद्धा लवकर कुजत नाही.

डोंबिवली_फास्ट_लेडीज_डबा:
आमच्याकडे एका दुकानात मक्यापासून केलेली पिशवी देतात, "मातीत मिसळते" लिहिलंय, वर दोन रुपये जास्त घेतात. ती तरी कुजते का?

सुटा_रेणू:
पीएलए (मक्यासारख्या पिकापासून केलेलं प्लास्टिक) असेल तर कंपोस्टच्या प्लांटमध्ये कुजते, तिथे ६० अंशांच्या आसपास गरम राहतं म्हणून. कुंडीत नाहीतर कचराभूमीत नुसती पडून राहते. आणि "ऑक्सो" (लवकर तुटावं म्हणून रसायन घातलेलं साधंच प्लास्टिक) लिहिलेली असेल तर तिचं पण भुसकटच होतं फक्त, युरोपने २०२१ पासून ती बंद केलीये.

चहा_बिस्किट:
आणि ते जपानी प्लास्टिक खाणारे बॅक्टेरिया??

सुटा_रेणू:
२०१६ मध्ये सापडले, साकाई शहरात. पण ते पाण्याच्या बाटलीचं 'पेट' नावाचं प्लास्टिक खातात, दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन नाही. पेटचं पातळ फिल्म संपवायलाच त्यांना सहा आठवडे लागले, तेही लॅबमध्ये ३० अंशाला.

परसबाग_वाला:
बापरे, धन्यवाद सगळ्यांना. आता शेवटचं, ती काळी माती वांग्यांना घालू का? फार भुसभुशीत आहे हो.

जुना_पेपर:
वांग्यांना नको. तेव्हा उकिरड्यात संपलेले सेल, फुटलेल्या ट्यूबलाइटी सगळंच जायचं. चाळून घ्या आणि जास्वंदीला घाला.