मोहल्ला कमिट्या परत का काढत नाहीत?

कोर्टनाका:
सण जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. दोन्हीकडचे पुढारी, चार व्यापारी, चहा-बिस्किटं, फोटो. संपलं. भिवंडीचा प्रयोग कुणी का उचलत नाही? १९७० आणि १९८४, दोनदा ते गाव पेटलं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी सत्तरच्या आसपास मोहल्ला कमिट्या काढल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची, सोबत बीटचा पोलीस. बारीकसारीक भांडणं तिथेच मिटायची. पुढे १९९२-९३ ला मुंबई जळाली, भिवंडी शांत राहिली. अजून काय पुरावा हवा?

लूमवाला:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. २००६ ला त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून राडा झाला, दोन पोलीस जिवानिशी गेले. तेव्हा कुठे होत्या कमिट्या? साहेबांची बदली झाली की सगळं कागदावर. आणि १९९२ ला शांतता राहिली ती धंद्यामुळे. यंत्रमागाचं गाव ते, माग बंद पडला तर मालक, कामगार, सूतवाला सगळेच उपाशी.

कोर्टनाका:
१९८४ ला माग नव्हते का? धंदा तेव्हाही एकमेकांवरच चालायचा. मग दंगल का नाही थांबली? बदलीचं म्हणणं मात्र खरं आहे. बाकी, २००६ ची आठवण काढून तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेताय. कमिट्या नीट चालवल्या नाहीत तर काय होतं ते दिसलं.

भायखळाकर:
मुंबईतही झालं की हे. दंगलीनंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, समाजसेविका सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सगळे मोहल्ल्या-मोहल्ल्यांत फिरले. क्रिकेटचे सामनेही भरवले. चांगली माणसं, वाद नाही. पण ९०० माणसं मेली. १९९८ मध्ये या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला, त्यात पोलिसांवरही ठपका होता. शिक्षा किती जणांना झाली? ज्याचं घर जाळलं त्याला बॅट देऊन काय उपयोग? आधी न्याय, मग संवाद. शिवाय आमच्याकडे अशा कमिटीला लोक खबऱ्यांची टोळीच समजतात.

शांताराम_चाळ:
न्यायाची वाट बघत बसलो तर पोरं म्हातारी होतील. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. मुंबईतला ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. कुणीतरी कुणाशी बोललं म्हणूनच ना?

भायखळाकर:
बोलले, मान्य. पण तारीख पुढे ढकलायची वेळ कायम एकाच बाजूवर का येते, हे त्या बैठकीत विचारायला परवानगी असेल तर मी येतो.

कोर्टनाका:
यासाठीच तर बैठक हवी. या, विचारा.

लूमवाला:
आणि वेळ कोण ठरवणार? हे लोक बैठक संध्याकाळी सहाला ठेवतात. आमची पाळी आठला सुटते. सहाला कोण येणार, तेच चार व्यापारी. आधी तेवढं बदला.