‘प्रकाशित करा’ दाबल्यावर पुढे काय झालं?

पूर्वी सामान्य वाचकाला छापून यायचं तर वाचकांच्या पत्रव्यवहाराचा कोपरा तेवढा होता. १९९९ साली ब्लॉगर ही स्वतःचं लिखाण थेट प्रकाशित करायची सेवा आली आणि मधला संपादक गळाला. तो गळाल्यावर तुमच्या बाबतीत काय घडलं, ते या धाग्यावर लिहा. मतं नकोत.

सुरुवात माझ्यापासून. माझा ब्लॉग २००८चा. निम्मे वाचक गूगल रीडरमधून यायचे, म्हणजे ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणाऱ्या सेवेतून. १ जुलै २०१३ला रीडर बंद झालं आणि ब्लॉग ओसाड पडला. मग लेखांचे दुवे फेसबुकवर टाकू लागलो. एकदा चुकून भलताच दुवा दिला. तरी त्याखाली ‘अप्रतिम लिहिलंय’ एकोणीस वेळा!

*

मी वृत्तपत्राच्या डेस्कवर होते. ७ जुलै २००५ला लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले, तेव्हा बोगद्यातून चालत बाहेर पडणाऱ्या प्रवाशांनी मोबाइलवर टिपलेले फोटो आले. अंधुक, हललेले. आदल्या दिवशी आमच्या छायाचित्रकाराने असा फोटो आणला असता तर बोलणी खाल्ली असती. त्या रात्री कुणी चकार शब्द काढला नाही, कारण आत प्रवासीच होते, पत्रकार नव्हता.

धागाकर्त्याला एक चिमटा: संपादक सगळीकडे गळाला नाही. दक्षिण कोरियातलं ओहमायन्यूज २०००पासून ‘प्रत्येक नागरिक बातमीदार’ म्हणत आलं, पण नागरिकांनी पाठवलेलं तिथले संपादक तपासत होते. घोषणा सगळ्यांनी उचलली, तपासणी राहिली.

*

माझा लेख मलाच व्हॉट्सअॅपवर आला. पाठवणारे काका, खाली नाव एका निवृत्त न्यायाधीशांचं. मी म्हटलं, काका, हा माझा आहे. ते म्हणाले, ‘असेल, पण त्यांनी जास्त चांगला मांडलाय.’

*

कबुली देतो. गटात आलेला पुराचा फोटो मी ‘आत्ताचा’ म्हणून टाकला. तासाभरात एकाने दाखवून दिलं, तो तीन वर्षं जुना होता. घाबरून पोस्ट उडवली, आणि ती चूक पहिलीपेक्षा मोठी ठरली. स्क्रीनशॉट फिरतच राहिले. दुरुस्ती लिहायला जागाच उरली नाही. आता काही उडवत नाही, वरच ‘हे चुकलं’ असं लिहितो. टाकण्याआधी फोटोवरून शोध घेतो, दुकानांच्या पाट्या वाचतो, सावल्या बघतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो वेळ-ठिकाणाची मूळ नोंद गमावून येतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

*

वरची कबुली वाचून लिहायचा धीर झाला. मी एका अपघाताचं थेट प्रक्षेपण केलं होतं. मदतीला दोघं धावली होती म्हणून मी मोबाइल काढला, असं मी स्वतःला सांगते. गाडीचा नंबर स्पष्ट दिसत होता. जखमीच्या घरी कुणाचा फोन जाण्याआधी त्याच्या बहिणीने ते प्रक्षेपण पाहिलं. तिचा निरोप आला: ‘ताई, काढून टाकाल का? आई बघेल.’ लगेच काढलं.

मैत्रीण समजूत घालायला म्हणाली, डार्नेला फ्रेझियर आठव. मे २०२०मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने गुडघ्याखाली दाबलं, ते तिने टिपलं, वय १७. त्याच्या मृत्यूबाबत पोलिसांचं पहिलं निवेदन वैद्यकीय कारणाबद्दल बोलत होतं; तिच्या चित्रणाने ते उघडं पाडलं. २०२१मध्ये पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्कारांत तिचा विशेष सन्मान झाला. खरंय. पण माझ्या चित्रणात कुणी काही लपवत नव्हतं.

*

(धागाकर्ता) ते चित्रण पुसलंत का?

*

नाही, फक्त सार्वजनिक होतं ते काढलं. दोन महिन्यांनी त्याच बहिणीचा निरोप आला, ‘ताई, ठेवलंय का? विम्याच्या दाव्याला लागतंय.’ पाठवलं.