मदत हवी आहे: बारावीनंतर डेंटलच करायचंय, पण घरी कुणाला खरं वाटत नाही

शाडूची_माती:

नमस्कार. आईच्या आयडीवरून इथे बरीच वर्षं वाचतेय, स्वतःच्या नावाने लिहितेय पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

यंदा बारावी झाली, नीटही दिली. आम्ही बिबवेवाडीत राहतो. मार्क असे आलेत की सरकारी एमबीबीएसचा विषयच नाही, खासगी एमबीबीएस परवडणार नाही, बीडीएसला मात्र नंबर लागेल असं क्लासचे सर म्हणतात. घोळ असा की मला अकरावीपासून डेंटललाच जायचं होतं. पण तेव्हा हे कुणाला बोलले नाही, आणि आता रिझल्टनंतर बोलतेय, त्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही. मामा तर सगळ्यांसमोर म्हणाला, "कोल्ह्याला द्राक्षं आंबट." बाबांचं म्हणणं, एक वर्ष रिपीट कर, लातूरला पाठवतो. "दातांचं काय, ते कुणीही करतं" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझं कारण म्हणजे आजीची कवळी. हसू नका.

आजी भोरकडची. आयुष्यभर मिश्री लावली, हिरड्या गेल्या, मग एकेक करत सगळे दात काढावे लागले. एका दवाखान्यात कवळी करून घेतली, ती कधी बसलीच नाही. लग्नकार्यात आणि फोटोत तेवढी तोंडात, एरवी देव्हाऱ्यामागे स्टीलच्या वाटीत. जेवताना तर हमखास काढून ठेवायची! शेवटी आत्याने सांगितलं की डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दाखवा. माझी अकरावीची दिवाळीची सुट्टी होती म्हणून आजीला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. पीएमटीने सहा फेऱ्या झाल्या.

तिथे शेवटच्या वर्षाची एक ताई होती. पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेला तपकिरी गोळा तोंडात दाबून माप घेतलं. नंतर कधीतरी मेणात दात बसवून ट्रायल होती. ती तोंडात घातल्यावर ताई म्हणाली, "आजी, साठपासून पुढे आकडे म्हणा." आजीने सुरू केलं. एकसष्ट, बासष्ट, आणि त्रेसष्टला बारीक शिट्टी वाजली. ताईने ट्रायल काढली, छोट्या ज्योतीवर सुरी तापवली, पुढचा एक दात केसभर आत घेतला. पुन्हा एकसष्टपासून. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला आजी सरळ एकोणसत्तरपर्यंत गेली आणि न थांबता सत्तर, एकाहत्तर म्हणत सुटली. मग सर आले, त्यांनी बघितलं आणि ताईला दोन गोष्टी परत करायला लावल्या. तिचा चेहरा पडला, पण तिने केल्या.

कवळी मिळाल्यावर आठवड्याभराने आजीने बाजरीची भाकरी दुधात न कुस्करता खाल्ली. काही बोलली वगैरे नाही. अजून अर्धी मागितली.

मी पाचवीपासून घरचा गणपती शाडूचा स्वतः करते. त्या ताईचे हात बघताना मला वाटलं होतं, हे मला जमेल. डॉक्टर व्हावं असं त्याआधी कधी वाटलं नव्हतं, बायो घेतलं ते मैत्रिणीने घेतलं म्हणून.

तर एवढ्या कारणावर पाच वर्षं काढता येतात का? की पहिल्या वर्षातच हे सगळं विरून जाईल? आणि बाबांना काय सांगू? घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, ईडब्ल्यूएसचा दाखला काढलाय.

*

चिंचेचं_बोटूक:

रिपीट करा. पेठेत दर दुसऱ्या जिन्यावर दातांच्या डॉक्टरची पाटी आहे. एवढे दात पुणेकरांना आहेत तरी का?

*

उजवी_दाढ:

शाडूची माती, माझं कर्वेनगरला क्लिनिक आहे, १९ वर्षं झाली. तुझं कारण पुरेसं आहे का विचारतेस, तर माझं सांगते: मला एमबीबीएस मिळालं नव्हतं. बस्स. त्यामुळे तुझ्या कारणाला नावं ठेवायला मी कोण!

पण ट्रायलचा दिवस हा सणाचा दिवस असतो गं. बाकीचे दिवस ऐक. बीडीएस म्हणजे चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री असतंच. दाताला हात लावायच्या आधी अख्खा माणूस वाचावा लागतो. त्याच्या जोडीला मेणाचा ठोकळा आणि कोरणी घेऊन दात कोरायचे. सुळा, उपदाढ, दाढ. मॅडम माप घेणार, अर्धा मिलिमीटर चुकला की ठोकळा बाजूला, नवा घ्या. इथे तुझा शाडू कामाला येईल, खरंच सांगते. माझे पहिले बारा ठोकळे वाया गेले होते. दुसऱ्या वर्षी पुतळ्याच्या तोंडात ड्रिलिंग आणि अंगभर प्लास्टर. खरा पेशंट तिसऱ्या वर्षापासून.

आता माझं रोजचं काम. वरची पहिली दाढ रूट कॅनलला आली की मुळांतल्या तीन नळ्या सहज मिळतात. चौथी बऱ्याच वेळा असते आणि लपून असते. ती शोधायला मान वाकवून, छोट्या आरशात उलटं बघत पाऊण तास जातो. सोडून दिली तरी त्या दिवशी कुणाला कळत नाही. दाढ दोन वर्षांनी ठणकते, तेव्हा कळतं. सापडली तरी पेशंटला त्यातलं काही दिसत नाही, तो खुर्चीवरून उतरून विचारतो, "एवढ्याशा कामाचे एवढे?" मला अजूनही ती नळी सापडली की घरी जाऊन नवऱ्याला सांगावंसं वाटतं. तो आयटीत आहे, हं हं म्हणतो.

पैशांचं बाबांपासून लपवू नकोस, त्यांना ते बाहेरून कळेलच. डिग्री हातात आली की लगेच क्लिनिक टाकता येत नाही. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, शिवाय जागेचं डिपॉझिट. मी पहिली चार वर्षं दुसऱ्यांच्या तीन क्लिनिकांत काम केलं, कोंढवा ते चिंचवड स्कूटीवर. इंजिनिअर भावाचा पगार ऐकला की रात्री झोप यायची नाही. एमडीएस, म्हणजे दातांतलं पुढचं स्पेशलायझेशन, करायचं तर आणखी तीन वर्षं, आणि त्याची वेगळी नीट. क्लिनिकशिवायही वाटा आहेत: ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक असतात, सैन्याची आर्मी डेंटल कोअर आहे, कॉलेजात शिकवता येतं. जागा मोजक्याच, पण आहेत.

"कुणीही करतं" याला उत्तर दे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी माझ्याकडे बावीस-तेवीस वर्षांची पोरं येतात, ज्यांच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत. सुपारीने गालाची आतली कातडी दोरीसारखी कडक झालेली असते. ती येतात दाढ दुखते म्हणून. तोंड कॅन्सरच्या वाटेवर आहे हे त्यांना पहिल्यांदा आम्ही सांगतो.

फॉर्म भरायच्या आधी एक कर. ओळखीच्या एखाद्या डेंटिस्टकडे, पेशंटला विचारून, आठ-दहा दिवस कोपऱ्यात बस. रक्त, थुंकी, ड्रिलचा आवाज, रडणारी पोरं, सगळं बघ. आणि घरी आरशात बघून कागदावर स्वतःचं नाव लिहायचा प्रयत्न कर. हात उलटे चालायला शिकतो का ते कळेल.

*

कोटा_अपूर्ण:

सध्या इंटर्नशिप चालू आहे. आजीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, कारण सहा वेळा न कंटाळता येणारी, सगळे दात गेलेली आजी म्हणजे आमच्यासाठी लॉटरी. प्रत्येक प्रकारच्या ठरावीक केसेस पूर्ण केल्याशिवाय सुटका नसते. मी मेसवाल्या काकूंच्या सासऱ्यांना रिक्षाने आणायचे, दोन्हीकडचं भाडं माझं. चौथ्या वेळी ते म्हणाले, "आज गुडघा दुखतोय, उद्या बघू." मी जिन्यात बसून रडले.

दुसऱ्या वर्षी सरावासाठी काढलेले दात लागायचे. बरणी घेऊन क्लिनिकं पालथी घालायची. ती बरणी एकदा चुकून रूममेटच्या लोणच्याशेजारी ठेवली गेली. आम्ही अजून बोलत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, अभ्यासापेक्षा माणसं सांभाळणं जास्त जड जातं. तू आजीला पीएमटीने सहा वेळा नेलंस ना? मग तेवढं तुला येतं.

*

फायलीतला_माणूस:

भावना बाजूला ठेवून कागदपत्रांचं बोलतो.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. पुण्यात भारती आणि डी. वाय. पाटील ही दोन्ही अभिमत, त्यांचं समुपदेशन (प्रवेशाच्या फेऱ्या) दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून, होतं. वडगावचं सिंहगड आणि आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला ही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला संलग्न. सरकारी हवं तर पुणं सोडावं लागेल: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. मुंबईत महापालिकेचं नायर डेंटलही आहे. हॉस्टेल, मेस आणि इन्स्ट्रुमेंटचा खर्च माफीत नाही, तो आधीच धरून चला. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, सेतूत आजच जा, फेरी सुरू झाली की रांग वाढते.

*

दुपारचा_चहा:

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या मुलाने बीडीएस दुसऱ्या वर्षात सोडलं. त्याला आम्ही घातलं होतं, एमबीबीएस नाही तर नाही, निदान नावापुढे डॉक्टर तरी लागेल म्हणून. तो आता लॉ करतोय आणि बरा आहे. तुझ्या बाबांचा राग दातांवर नसेल गं. पोरीने एक वर्ष घाईत घालवलं असं पुढे वाटू नये, ही भीती असते. आम्हाला ती बोलता येत नाही, म्हणून आम्ही लातूर म्हणतो.

*

चिंचेचं_बोटूक:

चहाताईंशी सहमत. माझी पहिली प्रतिक्रिया खोडसाळ होती. माझी स्वतःची कवळी शिट्टी मारते. त्या ओपीडीचा वार कळेल का?

*

शाडूची_माती:

सगळ्यांचे खूप आभार. बारा दिवसांनी लिहितेय, कारण उजवी दाढ ताईंनी सांगितलेलं आधी करायचं होतं.

मावशीच्या ओळखीच्या एक मॅडम सहकारनगरला आहेत, त्यांनी नऊ दिवस बसू दिलं. पहिले दोन दिवस स्टूलवर बसून कापूस देणं. तिसऱ्या दिवशी एका काकांची अक्कलदाढ काढताना आतून 'कट' असा आवाज आला आणि मला दरदरून घाम फुटला. मॅडमनी काम न थांबवता सांगितलं, "खाली बस, डोकं गुडघ्यात घाल." काकांनीच नंतर मला विचारलं, बरं वाटतंय का! लाजेने दुसऱ्या दिवशी जाऊच नये असं वाटलं. गेले. चौथ्या दिवसापासून आवाज ऐकू यायचा, पण घाम नाही आला.

एक पाच वर्षांचा मुलगा तोंडच उघडेना. मॅडमनी त्याच्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, आधी तू दीदीचे दात मोज. मी आ केलं. त्याने मन लावून बघितलं आणि जाहीर केलं, "हिच्या दाढेत काळं आहे." मॅडमनी बघितलं तर खरंच होतं. त्यानंतर तो स्वतःहून खुर्चीत चढला.

आरशात बघून नाव लिहायला पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली आणि जे आलं ते मोडी वाटत होतं. आता एका दमात येतं.

बाबांना कमाईचं सगळं आधी सांगून टाकलं, स्कूटी, कोंढवा, चिंचवड सकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग क्लिनिकला पैसे कुठून आणणार आहेस?" दातांचं काय, असं नाही म्हणाले. हो म्हणालेत असंही नाही. कॅपचा फॉर्म भरायला संमती दिली आहे आणि लातूरच्या हॉस्टेलचा नंबर अजून फ्रीजवर लावलेला आहे. मुंबई पहिली टाकू की पुणं, यावर आई आणि आजीचं वेगळंच भांडण चालू झालंय.

शेवटचा प्रश्न: कोरायचा सराव आत्तापासून करायचा तर साबण घेऊ की खडू?

*

कोटा_अपूर्ण:

साबण. खडू लगेच तुटतो. पण वापरून झिजलेला घेऊ नकोस, नवी वडी घे आणि खालच्या पहिल्या दाढेपासून सुरुवात कर.

*

उजवी_दाढ:

त्याआधी ती काळी दाढ भरून घे.