पावशा ‘बोलतो’, टिटवी ‘ओरडते’; मग गातं कोण?

वळचण :
मेअखेरीला गावी (भोर तालुका) अंगणात झोपलो होतो. रात्री पावशाने सूर लावला तसे काका अंथरुणातूनच म्हणाले, ‘‘पावशा बोलाया लागला, बियाण्याचं बघाया पाहिजे.’’ मी ‘गातोय’ म्हटलं असतं, पण आमच्या घरात तो शब्द कुणालाच सुचला नसता. कोणत्या पक्ष्याला कोणतं क्रियापद लागतं, याला काही नियम आहे का? शाळेतली ‘कूजन, केकारव, घुत्कार’ ही यादी नको, ती पाठ आहे. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय म्हणतात?

नांगरट :
पावशा बोलतो, कारण त्याच्या तोंडी आपण अख्खं वाक्य घातलंय : ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. रोहिणी लागली, मृग तोंडावर आला की शेतकऱ्याला दुसरं ऐकू येणार तरी काय? तेच सूर हिंदीत ‘पी कहाँ’ होतात, बंगालीत ‘चोख गेलो’ म्हणजे डोळे गेले, आणि उकाड्याने बेजार झालेल्या गोऱ्या साहेबाला त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला. ज्याची त्याची काळजी.

शब्दचर्चाच आहे तर हेही बघा : तो ‘पेरा’ म्हणत नाही, ‘पेरते व्हा’ म्हणतो. ‘लिहिते व्हा’, ‘बोलते व्हा’च्या घडणीचं. ‘पेरा’ ही नुसती आज्ञा. ‘पेरते व्हा’ म्हणजे हातातलं टाका आणि त्या कामाला लागा. ‘चालते व्हा’ तेवढं भांडणात वापरून वापरून उद्धट झालं.

नीट कान दिलात तर प्रत्येक ‘पेरते व्हा’ आधीच्यापेक्षा वरच्या सुरात जातं, चढत चढत चिरकतं आणि मध्येच तुटतं. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा खालून सुरुवात. पक्षी मात्र सहसा दिसत नाही, दिसलाच तर बघणारा त्याला शिकरा समजतो, इतकं रूप मिळतंजुळतं. आणि दुनियेला कामाला लावणारे हे महाशय स्वतःची पोरं सातभाईंच्या घरट्यात सोपवून मोकळे!

गाळपेर :
टिटवी ओरडतेच. दुसरं क्रियापद लावून बघा, बसत नाही. धरणाचं पाणी ओसरलं की आम्ही तिथे भाजी करतो. त्याच जमिनीत तिची अंडी असतात, उघड्यावर, मातकट, वर काळे डाग, भोवती थोडे खडे. पाय पडायची वेळ आली तरी दिसत नाहीत. जवळ गेलं की ती टिटिव टिटिव करत डोक्यावर झेपावते. रात्री ओरडली की म्हातारी माणसं म्हणतात, कुणाचं तरी काही खरं नाही. बहुतेक वेळा कुत्रं नाहीतर कोल्हं अंड्यांजवळून गेलेलं असतं.

कंदील :
माझा अंदाज असा : ज्याच्या आवाजातून आपण अर्थ काढतो तो पक्षी ‘बोलतो’. म्हणून पिंगळा बोलतो. पहाटे दारात येणारा पिंगळा जोशी त्याच्याच भाषेवरून भविष्य सांगतो ना?

गाळपेर :
मग कावळा? तो तर पाहुणा येणार म्हणून सांगतो. तरी आम्ही म्हणतो ओरडतोय.

कंदील :
चांगला मुद्दा. ज्ञानेश्वरांच्या विराणीतला काऊ ‘कोकतो’ आणि शकुन ‘सांगतो’. म्हणजे आवाजाला एक क्रियापद, अर्थाला दुसरं. ‘कोकणे’ बोलण्यातून गेलं, त्याच्या जागी ‘ओरडणे’ येऊन बसलं. वाईट बातमी असेल तर ‘ओरडणे’, असंही म्हणता आलं असतं, पण पाहुणा आडवा येतो. (पाहुणा ही वाईट बातमीच, असं मानणारी घरंही आहेत म्हणा.)

घाटमाथा :
आंबोलीत जूनच्या पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर ऐका, ‘शीळ घालतो’ याशिवाय काही सुचणार नाही. कुणी रिकामटेकडा माणूस चालीबिलीची फिकीर न करता शीळ घालत चाललाय असं वाटतं. माझ्याबरोबरच्या पाहुण्यांनी तर मागे वळून पाहिलं होतं. पक्षी समोरच्या दगडावर होता, काळपट निळा, कपाळावर आणि खांद्यावर तेवढी चकाकी.

तांबटाचं उलटं. तो ‘ठोकतो’, कारण नावच कारागिराचं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतून गेलेल्याला ती टुक टुक वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चोच बंद ठेवून गळा फुगवतो आणि मान इकडेतिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही.

वळचण :
म्हणजे ‘गाणे’ कुणाच्याच वाट्याला नाही?

नांगरट :
कवितेत कोकिळेच्या. (‘गातो तो नर, मादी नव्हे’ हे सांगायला आता कुणीतरी येईलच.) दयाळाच्या वाट्याला खरं तर यायला हवं होतं. उन्हाळ्यात पहाटे विजेच्या तारेवर बसून तो जे करतो त्याला मी तरी गाणंच म्हणेन. पण गावात त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. ना तो पेरणी सांगतो, ना पाहुणा.

घाटमाथा :
भारद्वाज राहिला. कुणी कुंभारकुकडा म्हणतं, कुणी कुकुडकोंबा. नावात आवाज आहे, तो खोल हूप हूप लांबवर जातोही, पण त्याला ठरलेलं क्रियापद मी ऐकलेलं नाही. त्याचं दर्शन शुभ, सगळी किंमत दिसण्याला. आवाज आला की आमच्याकडचे लोक बोलणं थांबवून झुडपात तो दिसतोय का तेच बघत बसतात.