मदत हवी आहे: पोटातल्या महाधमनीचा फुगा आणि जोडलेल्या किडन्या

नमस्कार मंडळी. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचे. मामाजी ६८ वर्षांचे, जन्मभर बिडी ओढलेली. पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली तर महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगलेली निघाली. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी तपासणीत) फुगा ५.८ सेंमी. पुरुषांत साधारण ५.५ च्या वर ऑपरेशन सुचवतात, म्हणजे थांबणं नाही. पेच वेगळाच आहे. दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्या, घोड्याच्या नालेसारख्या, अन् तो जोड नेमका फुग्यासमोर आडवा. शिवाय एक जादा धमनी फुग्यातूनच किडनीला जाते.

एक डॉक्टर म्हणतात जांघेतून स्टेंट (फुग्याला आतून अस्तर लावणारी जाळीची नळी) टाकू. पण ती धमनी झाकली गेली तर किडनीचा तेवढा भाग निकामी होईल. दुसरे म्हणतात, डाव्या कुशीतून किडनीच्या मागून उघडू. जोड कापावा लागणार नाही, धमनीही कृत्रिम नळीला जोडता येईल. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४ आहे. मामाजींचं एकच, "कापूस वेचून होऊ द्या, मग पाहू." वेचायला बाया मिळत नाहीत, हेही खरंच.

नागपूर किंवा सेवाग्रामला असं ऑपरेशन कोणाच्या घरी झालंय का? नंतर किडनी कशी राहिली? महात्मा फुले योजनेत स्टेंट बसतो का? काढे कृपया सुचवू नका, फुगा फुटायची भीती आहे.